चाकावरचा लोखंडी थर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर एकाच जातीची धूळ बसत नाही. घुग्घुस-वणी रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीची चाकं काळी होतात. गडचांदूर-आवारपूरकडची गाडी राखाडी-पांढरी होऊन येते. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी मार्गावर सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांमागून आलेली गाडी विटकरी दिसते. या सगळ्यांच्या खाली आणखी एक थर असतो आणि तो रस्त्यावरून येत नाही. गाडी तो स्वतःच तयार करते, दर ब्रेकला थोडा थोडा. सुरुवातीला तो करडा असतो, मग तपकिरी होतो, आणि शेवटी शाम्पू, घासणी, पाण्याचा जोरदार फवारा यांपैकी कशालाही न जुमानणारे गंजाचे बारीक ठिपके उरतात. वॉशिंग सेंटरमधून गाडी चकचकीत होऊन येते, तरी पुढच्या दोन चाकांच्या बेचक्यांत तो रंग तसाच असतो.

हा थर काढता येतो. रिमला ओरखडा न पाडता, हात न भाजता आणि फार खर्च न करता काढता येतो. फक्त तो ब्रेकचाच आहे ना, हे आधी पाहावं लागतं. या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक धुळीचं रसायन वेगळं आहे आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. चाकं धुताना होणारं बहुतेक नुकसान मी पाहिलंय ते याच ठिकाणी होतं: धूळ कोणती हे न बघता हाताला लागेल ते ओतलं जातं.

ब्रेकमधून काय झडतं

पुढच्या चाकामागे एक जाड चकती फिरत असते, ती डिस्क. ती बिडाची, म्हणजे साधारण ३ ते ४ टक्के कर्ब असलेल्या ओतीव लोखंडाची असते. तिच्या दोन्ही बाजूंना कॅलिपरच्या जबड्यात पॅड बसवलेले असतात. पायानं ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घट्ट धरतात आणि गाडीचा वेग घर्षणातून उष्णतेत बदलतो. ही उष्णता किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे ३०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. चुलीवर ठेवलेलं एक लिटर पाणी उकळीला यायला जवळपास तेवढीच लागते. हे सगळं काही सेकंदांत, तळहाताएवढ्या पृष्ठभागांवर घडतं.

या घासाघाशीत डिस्क आणि पॅड दोन्ही झिजतात. पॅड हे बऱ्याच पदार्थांचं मिश्रण असतं: सगळ्यांना बांधून ठेवणारं फिनॉलिक रेझिन, पोलादाचे तंतू, ग्रॅफाइट, बराइट, काही पॅडमध्ये तांबं, आणि घर्षण वाढवणारी कठीण भुकटी. पण चाकावर बसणाऱ्या धुळीत सर्वांत जास्त भर असते ती लोखंडाची, आणि त्यातलं बरंचसं डिस्कमधून आलेलं असतं. म्हणजे आपण ज्याला काळी धूळ म्हणतो ती प्रामुख्यानं तापलेल्या लोखंडाची पूड आहे, आणि तिच्यात रेझिन व कर्ब मिसळलेले आहेत. यातले पुष्कळ कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात.

गरम कण रिमवर आदळतो आणि तिथल्या पारदर्शक लॅकरला चिकटतो. अलॉय व्हील म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक. त्याच्यावर रंग आणि रंगावर हे लॅकर असतं. नव्यानं बसलेला कण पाण्यानं निघतो. दोन-तीन आठवडे तसाच राहिला की हवेतला ओलावा त्याला गंजवतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे कण फुगतो आणि लॅकरमध्ये घट्ट रुततो. त्याच्या अवतीभोवतीचं रेझिन उष्णतेनं पक्कं होतं. इथून पुढे शाम्पूचा उपयोग संपतो, कारण शाम्पू चिकटलेलं सोडवतो, रुतलेलं काढत नाही.

आपल्याकडे हे लवकर होण्याचं कारण हवामानात आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं चाकही हात लावू देत नाही. त्या तापलेल्या लॅकरवर कण आणखी घट्ट बसतो. मग जूनपासून चार महिने ओल. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, नागभीड-सिंदेवाही-ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत, रोवणीच्या दिवसांत चिखलणीचे ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि तो चिखल मागच्या प्रत्येक गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. आत वाळलेला चिखल ओल धरून ठेवतो, आणि त्याच्याखाली लोखंडाचा प्रत्येक कण निवांत गंजत राहतो. म्हणून चाकं धुण्यासाठी वर्षातली सर्वांत मोलाची वेळ कोणती असं विचारलं, तर मी पावसाळा लागण्याआधीचा पंधरवडा सांगेन. कोरडी धूळ जूनच्या आत काढली, तर ऑक्टोबरमध्ये ठिपके काढत बसावं लागत नाही.

ही धूळ कुणाची?

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. पुढची आणि मागची चाकं शेजारी शेजारी बघा. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, आणि बोलेरोसारख्या गावोगाव दिसणाऱ्या गाड्यांनाही, मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये लायनिंग बंद डब्याच्या आत घासतं, झडलेली पूड बरीचशी आतच राहते. तेव्हा अशा गाडीची पुढची चाकं तपकिरी आणि मागची स्वच्छ असतील, तर धूळ ब्रेकची. चारही चाकं सारखीच रंगली असतील, तर ती रस्त्याची. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीवर ही परीक्षा तितकी स्पष्ट उत्तर देत नाही.

दुसरी परीक्षा चुंबकाची. रिमवरची कोरडी धूळ जुन्या मऊ ब्रशनं कागदावर झाडून घ्यायची आणि कागदाखालून चुंबक फिरवायचा. ब्रेकची धूळ चुंबकाबरोबर सरकते, केसाळ दिसते. कोळशाची, राखेची, सिमेंटची धूळ बहुतांशी जागची हलत नाही. सुरजागडच्या लाल धुळीत लोखंड भरपूर असतं, पण ते हेमॅटाइटच्या, म्हणजे आधीच ऑक्सिजनशी जुळलेल्या रूपात. साध्या चुंबकाला हेमॅटाइट फारशी दाद देत नाही.

इथे थोडं थांबून या मातीकडे पाहायला हवं, कारण गाडीच्या डिस्कमधलं लोखंड आणि या डोंगरांमधलं लोखंड यांचा संबंध जुना आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञानं तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दल अहवाल लिहिला आणि लोहारा गावाजवळच्या खनिजाची त्यात भलामण केली. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. भारतात पोलादाचा कारखाना उभारण्याची त्यांची कल्पना तिथून मूळ धरते. लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा ते वितळवायला योग्य ठरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड याच भागात शोध घेत हिंडले. खनिज होतं, जोडीला हवा तसा कोळसा नव्हता. कारखाना शेवटी साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला. तेव्हा चांदा जिल्हा अखंड होता. त्यातून गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. आज लोखंडाचं खनिज एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडहून निघतं, कोळसा अजून वर्धा नदीच्या खोऱ्यातून निघतो, आणि दोन्ही ट्रकांमधून त्याच रस्त्यांवर सांडतात ज्यांवरून आपल्या गाड्या धावतात.

आता एकेक धूळ. खनिजाची लाल धूळ दिसायला सर्वांत भयंकर आणि काढायला सर्वांत सोपी. ती गंजलेलीच आहे, तिला आणखी गंजायचं नाही, त्यामुळे ती लॅकरमध्ये रुतत नाही. भरपूर पाणी आणि शाम्पू पुरतो. तिच्यावर महागडं रसायन वाया घालवू नये.

कोळशाची धूळ काळी आणि चिकट असते. सास्ती, पद्मापूर, दुर्गापूर या खाणींच्या आसपास आणि टिप्परांच्या रस्त्यांवर ती सगळीकडे असते. तिच्यात लोखंड नगण्य, म्हणून लोखंड विरघळवणारं कोणतंही द्रव्य तिच्यावर चालत नाही. तिला हवा साबण, आणि तेलकटपणा जास्त असेल तर सौम्य डिग्रीझर.

राखेचं प्रकरण जरा वेगळं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि भारतीय कोळशात राखेचं प्रमाण मुळातच मोठं असतं. धुरांड्याआधी पकडलेली ही राख बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ती भुकटी दिसत नाही, काचेचे इवलेसे गोळे दिसतात: सिलिका आणि ॲल्युमिना यांची काच. काच लॅकरपेक्षा कठीण. कोरड्या फडक्यानं राख पुसणं म्हणजे लॅकरवर काच फिरवणं. राखेची गाडी आधी पाण्यानं भिजवायची, वाहू द्यायची, हात नंतर लावायचा.

सिमेंटच्या धुळीला वेळ देऊ नये. राजुरा, कोरपना, जिवती या भागात चुनखडीचे साठे आहेत, म्हणून तिथे सिमेंट कारखाने आले. चुनखडीची पूड एक वेळ सोपी आहे, पण सिमेंटची भुकटी पाणी लागलं की घट्ट होते, तो तिचा धर्मच आहे. दव पडलं, हलका पाऊस झाला, की रिमवर करडी खपली धरते. ती अल्कधर्मी असल्यामुळे ॲल्युमिनियमला खातेही. इथे ब्रेकच्या धुळीवरचं द्रव्य कुचकामी ठरतं. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून फडक्यानं खपलीवर दाबून ठेवलं, की ती मऊ पडते. चुनखडी असेल तर बुडबुडेही दिसतात. काही मिनिटांत पुसून भरपूर पाणी मारायचं, व्हिनेगर तिथे वाळू द्यायचं नाही.

वरोरा-भद्रावतीच्या बाजूची काळी माती सोपी. तिला पाण्यात फुगायला दहा मिनिटं दिली की ती स्वतःच सुटते. घाई करून खरवडणारा माणूसच रिमवर रेघा पाडतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायचा. घुग्घुसला स्पंज आयर्नचा कारखाना आहे आणि बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई मार्गावरचं मोठं जंक्शन आहे. अशा ठिकाणांच्या जवळ हवेत खऱ्या धातुरूप लोखंडाचे कण असतात. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेकही ते उडवतात. हे कण चाकांबरोबर बॉनेटवर आणि टपावरही बसतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उमटवतात. टपावर ब्रेक नसतो, तेव्हा तिथला ठिपका हवेतूनच आलेला. त्यांचं रसायन मात्र ब्रेकच्या धुळीचंच आहे, आणि उपायही तोच.

जे वापरू नये

बाथरूमच्या फरशीचं ॲसिड गंज काढतं, हे खरं आहे. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि गंजाबरोबर ते ॲल्युमिनियमही विरघळवतं. लॅकरला जिथे टवका उडालाय तिथून ते आत शिरतं. त्या दिवशी चाक लखलखीत दिसतं आणि काही महिन्यांनी लॅकरखाली पांढरे फुगे येतात. त्याच्या वाफेनं डिस्क, नट आणि स्प्रिंगही गंजतात. ॲसिड वाईट म्हणून कॉस्टिक सोडा बरा, असंही नाही. ॲल्युमिनियम हा आम्ल आणि अल्क दोन्हींत विरघळणाऱ्या धातूंपैकी आहे. भट्टीची आणि चिमणीची चिकट घाण काढणारी कॉस्टिकयुक्त द्रावणं म्हणूनच अलॉय व्हीलवर चालत नाहीत.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती लेबल नसलेल्या कॅनची. चाकं साफ करायच्या काही जालीम द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते त्वचेवर पडलं तर सुरुवातीला आग होत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण ते कातडीतून आत जातं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं आणि खोलवर इजा करतं. जास्त प्रमाणात हृदयापर्यंत परिणाम होतो. वॉशिंग सेंटरवर दिवसभर उघड्या हातांनी आणि चपला घालून काम करणाऱ्या पोरांच्या हातात असा कॅन देणं हा सरळ अन्याय आहे. ज्या कॅनवर घटक लिहिलेले नाहीत तो आपल्या गाडीवर वापरू देऊ नका, आणि का नको तेही त्या पोराला सांगा.

तारेची घासणी आणि सॅंडपेपर यांबद्दल सांगायची गरज नसावी. कॉम्प्रेसरच्या हवेबद्दल आहे. गॅरेजमध्ये ड्रम उघडला की आतली पूड हवेच्या झोतानं उडवायची सवय जुनी आहे. पूर्वीच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा आजार कित्येक वर्षांनी वर येतो. जुन्या जीप आणि ट्रकच्या ड्रममध्ये काय आहे हे बाहेरून कळत नाही. पूड ओल्या फडक्यानं पुसावी किंवा पाण्यानं भिजवून काढावी, आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं. नव्या लायनिंगच्या पुडीतही सूक्ष्म धातुकण असतातच.

जे वापरावं

लोखंडाचा रुतलेला कण बाहेर काढायचा असेल, तर त्याला खरवडण्यापेक्षा विरघळवणं सोपं. हे काम थायोग्लायकोलेट नावाचं द्रव्य करतं. बाजारात ते आयर्न रिमूव्हर, फॉलआउट रिमूव्हर अशा नावांनी मिळतं. त्यावर ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेलं असावं. त्याचा रेणू लोखंडाच्या अणूला दोन बाजूंनी पकडतो आणि पाण्यात विरघळणारं संयुग तयार करतो. त्या संयुगाचा रंग जांभळा असतो. म्हणून फवारल्यावर मिनिट-दोन मिनिटांत रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. जिथे ओघळ येतात तिथे लोखंड, जिथे येत नाहीत तिथे दुसरी धूळ. उपाय आणि परीक्षा एकाच बाटलीत मिळतात ही या द्रव्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. ॲल्युमिनियमला आणि चांगल्या स्थितीतल्या लॅकरला ते धक्का लावत नाही.

वास मात्र उग्र, सडक्या अंड्याकडे झुकणारा. केस काढायच्या क्रीममध्ये आणि ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या द्रावणात याच कुळातलं रसायन असतं, ज्यांनी ते वापरलंय त्यांना वास लगेच ओळखू येईल. केसांमधले गंधकाचे बंध तोडणारं द्रव्य त्वचेलाही चुरचुरतं, तेव्हा रबरी हातमोजे घालायचे आणि काम उघड्यावर करायचं.

कृती अशी. गाडी सावलीत उभी करून चाकं पूर्ण निवू द्यायची. आपल्या उन्हाळ्यात याचा अर्थ सकाळी सातच्या आत किंवा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. तापलेल्या रिमवर फवारलेलं द्रव्य काम करायच्या आत वाळतं आणि डाग सोडतं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकण्याचीही भीती असते. आधी नुसत्या पाण्यानं सुटी धूळ, चिखल, राख काढून टाकायची. मग वेगळ्या बादलीत गाडीचा शाम्पू घेऊन मऊ ब्रशनं चाक धुवायचं. ही बादली आणि हा ब्रश फक्त चाकांसाठी ठेवायचा; यातलं फडकं दारावर फिरवलं, तर लोखंडाची पूड गाडीच्या रंगावर जाते. शाम्पू पूर्ण निघाला, पाणी निथळलं, की मग आयर्न रिमूव्हर. ओथंबणाऱ्या पाण्यात ते पातळ होतं, म्हणून निथळू देणं महत्त्वाचं.

एका वेळी एकच चाक घ्या. बाहेरच्या बाजूला, बेचक्यांत आणि हात पोचेल तेवढ्या रिमच्या आतल्या गोल भिंतीवर फवारा. बाटलीवर लिहिलेली वेळ पाळायची, ती साधारण तीन ते पाच मिनिटं असते. वाळायला लागलं तर पुन्हा थोडं फवारा. शेवटच्या मिनिटाला मऊ ब्रशनं हलकं चोळून भरपूर पाण्यानं धुवून टाका. खूप जुना थर एका फेरीत जात नाही. दुसरी फेरी द्या, पण आधीच्या फेरीतलं द्रव्य पूर्ण धुवून झाल्यावरच. दोन वेगवेगळी रसायनं एकमेकांवर कधीही ओतायची नाहीत.

यानंतरही काळे चिकट ठिपके राहिले, तर ते बहुधा डांबराचे. नव्या डांबरीकरणावरून गेलेल्या गाडीवर ते हमखास असतात आणि आयर्न रिमूव्हरचं अजिबात ऐकत नाहीत. त्यांना टार रिमूव्हर लागतो, नाहीतर फडक्याच्या टोकावर घेतलेलं थोडं रॉकेल. टायरला आणि डिस्कला ते लागू न देता पुसायचं आणि लगेच शाम्पूनं धुवायचं. डिस्कवर तेलकट थेंब गेला तर ब्रेक घसरतो, यात सूट नाही. शेवटी बोटाला खरखर लागत असेल, तर डिटेलिंगची क्ले बार मिळते. रिम ओला ठेवून ती हलकेच फिरवली की उरलेले कण तिच्यात अडकतात. चाकावर वापरलेला क्लेचा तुकडा गाडीच्या रंगावर वापरू नका.

पोलादी रिमवर, ज्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर असतं, हेच सगळं चालतं. कव्हर काढून आतून धुवायचं. रंग उडालेल्या जागी उघडं पोलाद असल्यामुळे तिथेही जांभळे ओघळ येतील. ते धुळीचं लक्षण नव्हे, रिमच विरघळतोय. पटकन धुवा, वाळवा आणि त्या जागी रंग द्या.

धुऊन झाल्यावर डिस्कवर काही मिनिटांत नारिंगी झाक दिसते, ती पाहून घाबरू नका. ओतीव लोखंड ओलं झालं की तसं होतंच, आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला ती निघून जाते. पण ओला ब्रेक उशिरा पकडतो. गेटबाहेर पडल्यावर मोकळ्या जागी कमी वेगात तीन-चार वेळा ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्या, मगच मुख्य रस्त्याला लागा.

परत बसू नये म्हणून

स्वच्छ, कोरड्या रिमवर वॅक्स किंवा सीलंटचा हात दिला, तर नवे कण लॅकरपर्यंत पोचत नाहीत आणि पुढचे कित्येक आठवडे नुसत्या पाण्यानं निघतात. उष्णतेत वॅक्स टिकत नाही, चाकांसाठी बनवलेलं सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं. पॅड बदलायची वेळ आली की कोणत्या जातीचे बसवतो हे मेकॅनिकला विचारा. युरोपीय पठडीच्या गाड्यांत धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड असतात, ते चांगले पकडतात पण धूळही जास्त सोडतात. सेंद्रिय आणि सिरॅमिक म्हणून ओळखले जाणारे पॅड कमी सोडतात. कंपनीनं सुचवलेल्या जातीबाहेर मात्र केवळ धुळीसाठी जाऊ नये.

चालवण्यातही फरक पडतो. चंद्रपूर-मूल रस्त्यावर जंगलाचा पट्टा लागतो, जनावर आडवं येऊ शकतं. तिथे मुळात वेग कमी ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून, गिअर उतरवून गाडी हळू करणाऱ्याची चाकं स्वच्छ राहतात. इलेक्ट्रिक गाड्या पुष्कळसा वेग मोटरमधून परत बॅटरीत घेतात, त्यांच्या डिस्क आणि पॅड फार कमी झिजतात.

ही धूळ चाकापुरती राहत नाही. तिचा एक भाग हवेत जातो, म्हणून युरोपीय संघानं २०२४ साली मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या कणांवर मर्यादा घातली: पेट्रोल, डिझेल आणि बहुतेक हायब्रीड गाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांना ३ मिलिग्रॅम. दुसरा भाग पाण्याबरोबर नाल्यात जातो. पॅडमधलं तांबं पाण्यातल्या जीवांना घातक ठरतं म्हणून कॅलिफोर्नियानं २०१० साली कायदा करून ते टप्प्याटप्प्यानं जवळपास संपवायला लावलं. आपल्याकडे गाडी थेट नदीत उतरवून धुण्याची पद्धत अजून आहे. इरई, झरपट, वैनगंगेच्या काठावर गाडी उतरवण्यापेक्षा मातीच्या अंगणात, विहिरीपासून दूर धुतलेली बरी, कारण धातूचे कण मातीत अडकतात, वाहत्या पाण्यात अडकत नाहीत.

आता शेवटची गोष्ट, आणि ती चाक धुण्याआधी करायची आहे. धूळ पुसून टाकली की तिनं सांगितलेलं पुसलं जातं, म्हणून आधी ती वाचून घ्या. पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकावर सारखीच धूळ असायला हवी. एकावर बरीच जास्त असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर किंवा त्याची पिन अडकून पॅड सतत घासत असण्याची शक्यता आहे. थोडी गाडी चालवून थांबल्यावर ते चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागेल आणि जळका वास येईल. गरम चाकाला हात न टेकवता जवळून अंदाज घ्या. एकावर धूळ जवळपास नसेलच, तर तिथला ब्रेक नीट पकडतच नसावा, आणि हे जास्त गंभीर. धुळीत चकचकीत धातूचे तुकडे दिसले आणि ब्रेक लावताना करकर आवाज येत असेल, तर पॅड संपून त्याची पाटी डिस्कवर घासतेय. चाकाच्या आतल्या बाजूला धूळ ओली, तेलकट असेल, तर एक्सलच्या रबरी बूटमधून ग्रीस बाहेर येतंय किंवा ब्रेक ऑइल गळतंय. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा. ती खालच्या रेघेच्या खाली गेली असेल, तर भामरागडहून आलापल्लीला असो की घरापासून चौकापर्यंत, गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकलाच गाडीजवळ बोलवा.